शेणाचा वाटा

आमच्या गोठ्यातलं निम्मं शेण मावशीचं, हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, ते ना आईला सांगता यायचं ना आप्पांना. मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. आमचा गोठा झाडणारी बाई, पण बोलायला लागल्यापासून मी तिला मावशीच म्हणत आले. सकाळी यायची, जनावरांखालचं लोटायची आणि शेणाचे दोन ढीग घालायची. एक आमच्या गोवऱ्यांना आणि उकिरड्याला जायचा, एक तिच्या टोपल्यात. शिवाय भाकरी-कालवण आणि दिवाळीला लुगडं. पण खरी मजुरी शेणाचीच. त्याच्या गोवऱ्या थापायच्या आणि त्यांच्यावर वर्षभर चूल चालवायची.

सासरी नांदूरघाटला मी हे सांगितलं तर नणंद हसली. म्हणाली, धनगराच्या घरी जनावरांचा कळप, आणि तिला शेणाचा तोटा? मी म्हटलं, अगं बाई, तिच्या घरी मेंढरं. लेंड्यांच्या कुठं गोवऱ्या होतात? आणि त्या लेंड्यासुद्धा तिच्या दारात पडायच्या नाहीत. तिचा नवरा ज्याच्या रानात मेंढरं बसवील, त्याच्या रानाला खत. चुलीत घालायला गाई-म्हशीचं शेण लागतं, आणि गाई-म्हशी आमच्या दावणीला. आमचं गाव नेकनूरच्या पलीकडं, उघड्या माळावर. सरपण म्हणाल तर वेडी बाभूळ, जिचे काटे चपलेतून आरपार जातात. तेव्हा शेण म्हणजे काही घाण नव्हे. ज्याच्याकडं शेण, त्याच्या घरात जाळ.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि तागडीला कधी अंगठा लावला नाही. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येईल. मला तर अजून येतो.

ते दिवस मोठे गमतीचे होते. दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, ज्या गावात डोक्याला शिकेकाई मिळायची मारामार. चावडीशेजारी एसटीडीचं खोकं आलं. कुणाच्या तरी माळवदी छतावर टीव्हीची पत्र्याची मोठी छत्री उभी राहिली आणि पोरं दिवसभर तिच्याकडं तोंड वर करून बघायची. आप्पा गल्ल्यावर बसून म्हणायचे, "जग बदलाय लागलंय, आपण काय चुलीपाशीच बसायचं का?" चुलीपाशी कोण बसायचं, ते स्वतः की आई, हे विचारायची सोय नव्हती.

आईचे डोळे तेव्हाच खराब झाले होते. लाल, चिकट, कायम पाणी. पदराचं टोक कधी कोरडं नसायचं. पंचायत समितीचे एक साहेब गावात आले, म्हणाले, गोबरगॅस बांधा, अनुदान आहे, धूर जाईल, बायकांचे डोळे वाचतील. आप्पांनी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर, त्यात आईच्या डोळ्यांचा विचार होताच, आणि गावात पहिला गोबरगॅस आपला असावा हाही होता. कुठला किती, ते ज्याचं त्याला माहीत.

गोठ्यामागं खड्डा खणला, टाकी बांधली, वर घुमट चढवला. ज्या दिवशी गॅस पेटला त्या दिवशी निम्मं गाव आमच्या स्वयंपाकघरात. नारळ फुटला. शेगडीवर निळी ज्योत उठली आणि आईनं चहाचं आधण ठेवलं. चहा उकळला, उतू गेला, तरी आईच्या डोळ्याला पाणी नाही. पाणी आलं नाही म्हणून तिला रडू आलं. ते मी पाहिलंय. म्हणून कुणी गोबरगॅसला नावं ठेवली की मी भांडते.

सगळे वाहवा करत होते. मावशी तेवढी दाराशी उभी राहून ज्योतीकडं बघत होती. मग तिनं विचारलं, "आप्पा, मंग माझ्या शेणाचं काय?"

माणसं हसली. प्रश्न तर बरोबर होता. गॅसला सगळं शेण लागणार होतं, निम्म्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक व्हायचा नाही. पण आप्पांनी उत्तराची तयारी करून ठेवली होती. ते म्हणाले, "अगं, शेण कुठं जळतंय? जळतो तो वायू. शेण एका अंगानं जातं आन दुसऱ्या अंगानं बाहेर येतं. ते सगळंच तुझं. निम्मं न्हाई, सगळं!"

लोक म्हणाले, आप्पा म्हणजे देवमाणूस. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय! पण त्यांना तसं खरंच वाटत होतं हो. साहेबांनी सांगितलं होतं की शेणातलं काहीच वाया जात नाही, खत तर आणखी चांगलं होतं. ते खताबद्दल बोलत होते. आप्पांनी ते चुलीला लावलं. वाण्याचा हिशेब, एका मापानं घेतलं आणि दुसऱ्या मापानं परत दिलं, तोटा कुणाचाच नाही. आणि त्या दिवसापासून शेणात पाणी घालून, काड्या वेचून, हातानं कालवून टाकीत ओतायचं कामसुद्धा मावशीच्याच गळ्यात पडलं. शेण तुझंच की गं, म्हणून.

टाकीतून बाहेर यायचा तो पातळ काला. मावशी त्यात भुसा मिसळायची, खड्ड्यात मुरवायची, मग थापायची. दिसायला गोवरी. हातात घेतली तर हलकी. चुलीत घातली की आधी नुसता धूर, मग थोडा जाळ आणि लगेच राख. निखारा म्हणून धरायचाच नाही. मावशी दुकानात जाऊन आप्पांना म्हणाली, "ह्या गोवऱ्यात जीव न्हाई, आप्पा."

"ओल्या असतील," आप्पा म्हणाले. "ऊन लागू दे चांगलं."

तंबाखू घ्यायला आलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बघ बे, आता शेणाला बी नखरे आले!" सगळे हसले. मावशी परत आली आणि गोठा झाडायला लागली. एवढीच तिची तक्रार, आणि एवढीच तिची सुनावणी. हे दुकानातलं मला नंतर कळलं, मी तोवर सासरी परत गेले होते.

दिवाळीनंतर मी बाळंतपणाला माहेरी आले. मावशीची लेकही आली होती, तीही पोटुशी होती, माझ्यापेक्षा दीड-दोन महिने मागं. आम्ही दोघी बरोबरीच्या. लहानपणी तिच्याबरोबर मीही गोवऱ्या थापल्यात, आणि आईचा मार खाल्लाय. तिच्या घराच्या कुडाला लागून गोवऱ्यांचा एक छोटा उडवा होता, रचून वरून शेणानं लिंपलेला. त्याला कुणी हात लावायचा नाही. त्या गॅसच्या आधीच्या गोवऱ्या होत्या, घट्ट, वजनदार. मावशी म्हणाली, "लेकीच्या शेकाला ठिवल्यात."

बाळंतिणीचा शेक ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगते. बाजेखाली शेगडी ठेवायची, शेगडीत गोवऱ्यांचे निखारे. वरून ओवा-शेपांची धुरी. ऊब खालून हळूहळू पाठीत शिरते, मोडलेलं अंग जागेवर येतं. लेकराला मांडीवर घेऊन तळवे निखाऱ्यावर धरायचे, तेच तळवे त्याच्या पोटाला, पाठीला लावायचे. लाकडाचा जाळ भडकतो, कोळशानं डोकं चढतं. शेकाला गोवरीच लागते, ती विझत नाही आणि भाजत नाही. हे आमच्याकडं शिकलेल्या बाईलाही माहीत होतं आणि अडाणी बाईलाही.

मला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा माळावरचं वारं असं सुटलं होतं की दारं आपोआप वाजायची. आईनं मधल्या खोलीत बाज टाकली. आमच्यात बाळंतिणीचा विटाळ धरत नाहीत, मधल्या खोलीत कुणीही यावं-जावं. या गोष्टीचा आप्पांना फार अभिमान. बाज टाकली, शेगडी आणली, आणि आई गोवऱ्या आणायला वळली. घरात गोवरीच नव्हती. गॅस आल्यापासून लागलीच नव्हती.

आप्पा म्हणाले, गॅस आहे की. म्हणजे काय, गॅसची शेगडी बाजेखाली ठेवू? नळी तेवढी लांब नव्हती, आणि असती तरी मी भाजून निघाले असते. मग त्यांनी नेकनूरहून तारेची विजेची शेगडी आणली. ती लाल झाली की वीज जायची. असली फजिती! शेवटी आईनं मावशीला हाक मारली.

मावशीनं टोपलंभर गोवऱ्या आणल्या. आईनं एक फोडून पेटवली. काय निखारा धरला म्हणून सांगू! संध्याकाळपर्यंत लाल. आई म्हणाली, "बाई गं, तुझे उपकार. तुझ्या लेकीच्या वेळंला मी बघते." मावशी म्हणाली, "हाय की अजून टाइम." रानात फिरून वाळलेलं शेण वेचू, तोवर भरून काढू, असा तिचा बेत होता. नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि आमच्या घरात तर नव्हतीच. रोज टोपलं येत राहिलं. मी ऊब घेत राहिले, लेकरू बाळसं धरायला लागलं. रानात मात्र तिला शेण सापडेना. तिच्यासारख्या आणखी बायका टोपली घेऊन फिरत होत्याच की.

आणि मावशीची लेक दिवस भरायच्या आधीच अडली.

मुलगी झाली. एवढीशी, हातपाय काड्यांसारखे. ऐन पौषातली थंडी. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्याकडं आली, पण गोठ्यात गेली नाही. सरळ मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. आप्पा देवघरात पूजेला बसले होते. मावशी आईला म्हणाली, "अक्का, माझ्या गोवऱ्या परत द्या."

आई गोंधळली. "अगं, त्या जळाल्या की."

"मंग राख द्या. ती तरी नेते."

मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. आईनं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. उरलेल्या थोड्या गोवऱ्या तिथं होत्या, एका वेळेला जेमतेम पुरतील एवढ्या. मावशीनं ओच्यातून एक गोवरी काढली, काल्याची, आणि उंबऱ्यावर ठेवून बोटांनी दाबली. तिचा भुगा झाला. "ही आप्पांनी दिल्याली. रातभर हीच जाळली. नुसता धूर. लेकरू खोकतंय, आन हातपाय गार पडलेत. इस्तू धरतच न्हाई तर शेकू कशावर?"

आप्पा आतूनच म्हणाले, "एक घोंगडी घेऊन जा. चांगली नवी हाय."

"घोंगड्या आमीच विणतो, आप्पा," मावशी म्हणाली. "घोंगड्याला आमच्यात काय तोटा? लेकरू इस्तवाला तरसतंय."

मी बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मावशी, तिला इकडं आण. माझ्या शेजारी निजू दे." ती म्हणाली, "कालची बाळंतीण हाय ती. वाऱ्यातून कशी आणू?" आणि ते खरंच होतं.

तेवढ्यात आईनं वाकून माझ्या बाजेखालची शेगडी ओढली. पेटलेली, लाल. ओलं फडकं दोन्ही हातांना गुंडाळलं आणि शेगडी उचलली. उरलेल्या गोवऱ्या मावशीच्या ओच्यात टाकल्या. आता आप्पा उठून बाहेर आले. "अगं, बाळंतिणीखालची शेगडी कुठं न्हेतीस? वेड लागलं का? लोक काय म्हणतील?"

आईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आमच्या घरातली बाई भर गल्लीतून, दिवसाढवळ्या, पेटती शेगडी हातात धरून चालली. पुढं मावशी. ओसरीवरची माणसं उठून बघायला लागली. मी लेकराला पोटाशी घेतलं. बाजेखालून गार वारं लागलं आणि मला आईचा राग आला, खोटं कशाला बोलू? पण हाक मारली नाही.

आई बऱ्याच वेळानं आली. हातांना फोड आले होते. मी विचारलं, लेकरू कसं आहे? म्हणाली, "माहीत न्हाई. तिनं दारातच शेगडी घेतली माझ्या हातून. आत ये म्हणाली न्हाई." मग म्हणाली, "मी बाहेर हुबी ऱ्हायले. आतून लेकरू रडल्याचा आवाज आला, तवा निघाले."

त्या दिवसापासून मावशी गोठ्यात आली नाही.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला नाव नाही. गोठ्यात शेण साचलं. ते कालवायचं कुणी, टाकीत ओतायचं कुणी? आप्पांना हात घालवेना. माझा भाऊ बीडला शिकायला होता, तो असता तरी त्यानं नाक दाबलं असतं. आप्पांनी दुसऱ्या बायकांना विचारलं. एक आली, दुसरी आली, सगळ्याजणींचा प्रश्न एकच: "शेण कुणाचं?" आप्पा म्हणायचे, "गॅसचं." की बाई पदर खोचून चालती. गॅसची ज्योत रोज बारीक होत गेली. आधी भाकरीला पुरेना, मग भाताला, मग चहाला. निळी ज्योत म्हणून गावभर मिरवत होतो, ती शेणावर चालत नव्हतीच मुळी. ती मावशीच्या हातांवर चालत होती.

आप्पा शेवटी तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथं काय झालं ते मला मावशीच्या लेकीनं पुढं सांगितलं. आप्पा दारातून वाकून आत शिरले. आत काल्याच्या गोवऱ्यांचा धूर असा भरला होता की त्यांना माणसं दिसेनात. खोकला आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, भस्म ओघळलं. लेकरू लेकीच्या मांडीवर होतं, जिवंत होतं, पण रडताना आवाज बसलेला. आप्पा म्हणाले, ज्वारी देतो, आणखी एक लुगडं देतो, ये परत.

मावशी म्हणाली, "येते. पर आधी माझं निम्मं. ताजं. उरल्यालं तुमच्या टाकीला."

"अगं, निम्म्यात गॅस पुरायचा न्हाई."

"न्हाई पुरला तर न्हाई पुरला. आमच्या घरात निम्म्यातच भागवत आलाव की आजवर."

आप्पांनी तिथंच डोळे पुसले म्हणे. धुरात. मग "बरं" म्हणाले आणि बाहेर पडले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्यांचं जळत नव्हतं, पण डोळ्यात गेलं तेवढ्यानं थोडं कळलं असावं.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, "मिटलं." मला एवढा आनंद झाला! मावशीचं लेकरू जगणार, त्याला ऊब मिळणार, तिचा हक्क तिला मिळाला, आणि आप्पांनी मान खाली घालून तो दिला. मी आईला म्हणाले, बघ, तू शेगडी उचललीस म्हणून झालं. आई हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली, दोन ढीग घातले, आपला उचलला. दुपारपर्यंत तिच्या कुडाला ओल्या गोवऱ्यांची रांग लागली. ती वाळेपर्यंत आईनं आमच्या दारचं लाकूड पाठवलं. आमच्या निम्म्या शेणावर गॅस हळूहळू परत आला. पण किती? सकाळचा चहा, लेकराचं दूध. संध्याकाळी आईनं तवा ठेवला, पहिली भाकरी टाकली, आणि ती फुगायच्या आत ज्योत फडफडून गेली. आईनं नळीची चावी बंद केली. तवा उचलला, चुलीवर ठेवला, आणि फुंकणी शोधायला लागली.

मी बाजेवरून बघत होते. म्हणाले, "आई, तू तरी बोलायचंस. तुझ्या डोळ्यांचं काय?"

"काय बोलू? तिचं खरं हाय," ती म्हणाली. "आप्पांनी बी नीटच केलं." मग फुंकणीला तोंड लावलं, कापसाची ओली पऱ्हाटी धुमसली, आणि सगळा धूर तिच्या तोंडावर आला. खोकून झाल्यावर म्हणाली, "फक्त दोघांनी वाटणी केली, आन मला कुणी इचारलं न्हाई."

लेकराला घेऊन मी नांदूरघाटला परत गेले, तिथंही चूलच होती.

पुढच्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा मावशीची नात त्यांच्या दारातल्या गोवऱ्यांच्या रांगेला धरून उभी राहत होती. मी तिला उचलून आमच्या घरी आणलं, आईला दाखवायला. आई चुलीपाशी होती. तव्यावरच्या भाकरीला बोट लावून, ती भाजली की नाही ते चाचपत होती. मी म्हणाले, "आई, बोट भाजेल." ती दचकली. मी लेकराला खाली ठेवलं आणि आईचा एकेक डोळा झाकून दुसऱ्यासमोर हात हलवला. डाव्या डोळ्याची पापणी हलली नाही. त्या डोळ्यानं दिसत नाही, हे तिनं तोवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.